औषध किती महिने टिकतं ते कळलं. आता ते बाहेर कसं काढायचं ते सांगा

प्रति,
डोळ्याच्या पडद्यासाठी दीर्घकाळ स्रवणारी औषधं आणि इम्प्लांट बनवणारे संशोधक, त्यामागे पैसा लावणाऱ्या कंपन्या आणि त्यांना मान्यता देणारे औषध नियामक

स. न. वि. वि.

पत्राचं कारण आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. तुमच्या औषधांबद्दल जे काही छापून येतं, त्यात मथळ्याचा मान एकाच आकड्याला मिळतो, तो म्हणजे महिन्यांचा. एका सुईत चार महिने, एका इम्प्लांटमध्ये सहा महिने, एका बारीक नळीत तीन वर्षं. ही शर्यत चालू राहू दे. माझं मागणं एवढंच, की त्या आकड्याशेजारी, त्याच जाडीच्या टायपात, आणखी काही छापा. हे औषध बाधलं तर काय करायचं? ते बाहेर काढता येतं का, कोणी काढायचं, काढताना डोळ्याचं काय होतं? आणि ते संपल्यावर आजार कुठून पुन्हा सुरू होतो?

हे मी दोन नात्यांनी विचारते आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. औषध कसं सुटतं, किती वेगाने ओसरतं, याचे आलेख फळ्यावर काढणं हे माझं रोजचं काम. शिवाय माझ्या डाव्या डोळ्यात ओली एएमडी आहे. म्हणजे वयोमानाने पडद्याच्या मध्यभागाखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या, त्या पाझरू लागल्या आणि दाराची सरळ चौकट मला मधोमध पोक आल्यासारखी दिसू लागली.

गैरसमज नको म्हणून हेही सांगून टाकते, की मला तुमची औषधं हवी आहेत. डोळ्यात इंजेक्शन ही गोष्ट ऐकायला जेवढी भयंकर वाटते तेवढी ती नसते, पण अगदी किरकोळही नसते. आधी भुलीचे थेंब. मग पोव्हिडोन आयोडीनने डोळा आणि पापण्या धुतात, पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात, मोजून खूण करतात. बघायला सांगतील तिकडे बघत राहायचं. डोळ्यावर दाब आल्यासारखं वाटतं आणि ते संपलेलं असतं. सुई फारशी जाणवत नाही. संध्याकाळी झोंबतं ते आयोडीन. कधी कधी नजरेच्या तळाशी एक काळा गोल बुडबुडा डुलताना दिसतो. खरं तर तो डोळ्याच्या आत वरच्या बाजूला तरंगत असतो. पडद्यावर प्रतिमा उलटी पडते म्हणून आपल्याला खाली दिसतो. शिकवायला फार छान उदाहरण आहे. स्वतःच्या डोळ्यात पहिल्यांदा दिसतं तेव्हा मात्र काळजात धस्स होतं.

सुईपेक्षा तारखा जड जातात. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की तो दिवस गेला. सोबत कोणीतरी लागतं, म्हणजे त्याचाही दिवस गेला. मधुमेहामुळे पडद्याला सूज आलेल्या माणसाच्या तर दोन्ही डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या, पायाच्या अशा वेगवेगळ्या तारखा असतात, आणि त्यातली एखादी सांभाळताना दुसरी हमखास चुकते. चुकलेल्या तारखेचं फळ ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचा थरन्‌थर दाखवणाऱ्या तपासणीच्या चित्रात दिसतं. गेल्या वेळी सपाट असलेला पडदा या वेळी उचललेला, आणि त्याखाली पाण्याची काळी फट.

इतक्या वरचेवर यावं का लागतं? एका इंजेक्शनात औषध जातं ०.०५ मिलिलिटर. डोळ्याच्या आतला जेलीसारखा गर, ज्याला व्हिट्रियस म्हणतात, तो साधारण ४ मिलिलिटर. रॅनिबिझुमॅब हे त्या नको असलेल्या रक्तवाहिन्यांना आवर घालणारं औषध. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं औषध ओसरायला लागणारा वेळ, माणसाच्या डोळ्यात ७ ते ९ दिवसांचं धरतात. ९ दिवस धरले तरी महिन्याअखेर दहावा हिस्सा उरतो आणि दोन महिन्यांनी शंभरावा. मग थेंब का नाहीत, असं प्रत्येक जण विचारतो. थेंबातल्या औषधाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग बुबुळाच्या आत शिरतो, बरंचसं अश्रूंबरोबर नाकात वाहून जातं, आणि मागच्या पडद्यापर्यंत पोचणारं तर नगण्यच. गोळी घ्यावी तर रक्त आणि पडदा यांच्यामधली शरीराची स्वतःची राखण आडवी येते. ती ओलांडण्याइतका डोस दिला तर डोळ्यासाठी सगळ्या शरीराला तो भोगावा लागतो.

औषधांच्या ताकदीबद्दल वाद नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मरिना चाचणीत दरमहा रॅनिबिझुमॅब घेणाऱ्यांपैकी जवळपास ९५ टक्के लोकांची दृष्टी वर्षभरात टिकली, म्हणजे तक्त्यावरची १५ अक्षरं त्यांनी गमावली नाहीत. खोटं इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. पूर्ण डोस मिळालेल्या दर तिघांतल्या एकाला तर १५ किंवा जास्त अक्षरं अधिक वाचता येऊ लागली. त्याआधी या आजारात दृष्टी परत येणं ही बातमीच असायची. पण त्या औषधाच्या चाचण्यांमधल्या काही रुग्णांना साधारण सात वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं तेव्हा त्यातल्या एक तृतीयांश लोकांची दृष्टी सुरुवातीच्या दृष्टीहून १५ किंवा जास्त अक्षरांनी खाली गेलेली होती. चाचणी संपली, तारखा विरळ झाल्या. पडदा झिजण्याचा मूळ आजारही आतून चालूच राहतो, हे खरं. पण विरळ झालेल्या सुया हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं. म्हणून डोळ्यात औषध साठवून ठेवायचं तुमचं काम मला चैनीचं वाटत नाही. त्याची गरज आहे.

थोडं विषयांतर करते. या विषयाची दोन्ही टोकं एका माणसाच्या हातात होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. जुडा फोकमन हे शल्यविशारद. १९६४ साली त्यांनी डेव्हिड लाँग यांच्यासोबत दाखवलं, की सिलिकॉन रबरात ठेवलेलं औषध त्यातून हळूहळू झिरपत बाहेर येतं. १९७१ साली त्याच फोकमननी मांडलं, की गाठ वाढते ती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेऊन. त्या रोखल्या तर गाठ रोखता येईल. आज माझ्या डोळ्यात जाणारं औषध याच विचाराच्या वंशातलं. पुढे १९७६ साली रॉबर्ट लँगर आणि फोकमन यांनी प्रथिनांसारखे मोठे रेणूही पॉलिमरमधून, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थातून, दीर्घकाळ सोडता येतात, हे सिद्ध केलं. तोवर ते अशक्यच मानत. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आता मुद्द्यावर येते. १९७४ साली ऑक्युसर्ट नावाची एक पातळ चकती आली. काचबिंदूचं पायलोकार्पिन त्यातून आठवडाभर सुटायचं. ती पापणीखाली ठेवायची आणि नको झाली तर स्वतःच्या बोटाने काढायची. कधी कधी ती न काढताही पडून जायची, ही तिची अडचण. तिथून आपण डोळ्याच्या आत आत जात राहिलो, आणि जितकं आत गेलो तितकं परत फिरणं अवघड होत गेलं. १९९६ साली मान्यता मिळालेलं व्हिट्रासर्ट हे गॅनसायक्लोव्हिरचं इम्प्लांट. ते डोळ्याच्या भिंतीला चीर देऊन आत टाकायचे आणि टाक्याने बांधायचे. एड्सच्या रुग्णांचा पडदा सायटोमेगॅलोव्हायरस कुरतडून टाकत होता, त्या काळात पाच ते आठ महिने टिकणारं औषध मिळणं ही फार मोठी गोष्ट होती. तिथे धोका आणि लाभ यांचा हिशोब स्वच्छ होता.

२००५ सालचं रेटिसर्ट फ्लुओसिनोलोन हे स्टिरॉइड साधारण अडीच वर्षं सोडायचं. २००९ साली आलेलं ओझरडेक्स डेक्सामेथासोनचं. त्याची कांडी पीएलजीए या पॉलिमरची. ती विरघळून शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, म्हणजे मागे काही राहत नाही. इल्युव्हिअनची नळी साडेतीन मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. ती ३६ महिने फ्लुओसिनोलोन सोडते, औषध संपतं, आणि पॉलिइमाइडची रिकामी नळी डोळ्यात तशीच राहते. पुन्हा औषध हवं तर आणखी एक नळी. या नळ्यांनी त्रास होतोच असं मी म्हणत नाही. पण रुग्णाशी बोलताना ‘तीन वर्षं’ हा शब्द मोठ्याने येतो आणि ‘कायमची’ हा शब्द हळू, एवढं मी पाहिलं आहे.

स्टिरॉइडने डोळ्यातला दाब चढतो, मोतीबिंदू वाढतो. हे जुनंच ज्ञान. इल्युव्हिअनच्या फेम चाचण्यांत ज्यांच्या डोळ्यात स्वतःचं भिंग शाबूत होतं, अशांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना तीन वर्षांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. दाबासाठी चिरा देऊन शस्त्रक्रिया करावी लागली ती जवळपास ५ टक्क्यांना. मोतीबिंदूचं एक वेळ ठीक, भिंग बदललं की नजर परत येते. दाबाने मेलेल्या मज्जातंतूचं तसं नाही. थेंबांच्या स्टिरॉइडने दाब चढला तर थेंब बंद करायचे. तीन वर्षांच्या नळीला बंद कसं करणार? ज्या औषधाचा गुण सहा महिने टिकतो, ते बाधलं तर सहा महिने बाधतं. तुम्हाला हे नवं नाही, पण तुमच्या माहितीपत्रकात ते असं सरळ लिहिलेलं मला अजून आढळलेलं नाही.

म्हणून इल्युव्हिअनच्या अमेरिकेतल्या मूळ लेबलवरची एक अट मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत शहाणी अट वाटते. ज्याने आधी स्टिरॉइड घेतलं आहे आणि तेव्हा ज्याच्या डोळ्यातला दाब लक्षणीय चढला नाही, अशालाच ही नळी द्या. आधी थोड्या मुदतीचं देऊन पाहा, मग लांबचं. नियामकांना माझी विनंती आहे, की ही अट एका उत्पादनापुरती न ठेवता नियम करा. ज्या औषधाचं अल्प मुदतीचं रूप उपलब्ध आहे, त्याचं दीर्घ मुदतीचं रूप देण्याआधी अल्प मुदतीचं पचतं का हे पाहणं बंधनकारक असावं. यातून सगळं टळणार नाही, याची मला कल्पना आहे. ओल्या एएमडीवरच्या ब्रोल्युसिझुमॅब या इंजेक्शनचंच पाहा. सुया कमी लागतात या भांडवलावर ते २०१९ साली आलं, आणि २०२० सालच्या सुरुवातीला पडद्याच्या रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या बंद पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कोणाला तो पहिल्या डोसनंतर झाला, कोणाला नंतरच्या. पण निदान पुढची सुई थांबवता येत होती. तेच औषध सहा महिन्यांच्या साठ्यात असतं तर?

याच कारणाने मला पोर्ट डिलिव्हरी सिस्टिम हा प्रकार एका बाजूने आवडतो आणि दुसऱ्या बाजूने धास्ती वाटते. सुमारे ८ मिलिमीटर लांबीची ही टाकी डोळ्याच्या भिंतीत बसवतात. तिची टोपी डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या पातळ पडदीखाली असते. वरची पापणी उचलली तर दिसते. तिच्यात २ मिलिग्रॅम रॅनिबिझुमॅब भरतात. ते आपल्या आपण पाझरत राहतं, सुरुवातीला जास्त, मग कमी कमी. २४ आठवड्यांनी विशेष सुईने जुनं काढून नवं भरतात. म्हणजे साठा उपसून काढायची सोय रचनेतच आहे. औषध परत घेता येणारी दीर्घ मुदतीची व्यवस्था मी तरी फारशी पाहिलेली नाही, आणि ज्यांनी हे सुचवलं त्यांचं मनापासून कौतुक. आर्चवे चाचणीत पहिल्या २४ आठवड्यांत ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना वरून एकही सुई लागली नाही. टाकी बसवलेल्यांपैकी ९३ टक्क्यांनी सुयांपेक्षा हीच बरी असं सांगितलं. हा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्यापैकी कोणी यावर हसू नये.

पण २०२१ साली मान्यता मिळाली तीच मुळी काळ्या चौकटीतल्या इशाऱ्यासकट. चाचण्यांत २ टक्के रुग्णांच्या डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला, आणि हे प्रमाण दरमहा सुई घेणाऱ्यांच्या तिप्पट होतं. यातल्या अनेक डोळ्यांत टोपीवरची पातळ पडदी मागे सरकलेली किंवा झिजलेली होती. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीनेच नव्याने बसवायच्या टाक्या बाजारातून परत मागवल्या. पुन्हा पुन्हा सुई टोचून पाहिल्यावर काही टाक्यांचं रबरी बूच आपली जागा सोडत होतं. रचना दुरुस्त झाली, चाचणी कडक झाली, आणि जुलै २०२४ मध्ये ती परत आली. २०२५ साली मधुमेहातल्या पडद्याच्या सुजेसाठी आणि रेटिनोपॅथीसाठी, म्हणजे मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेसाठीही, तिला मान्यता मिळाली. दोष सापडल्यावर माल मागे घेणं हा प्रामाणिकपणाच आहे. तरी मधल्या काळात ज्यांच्या डोळ्यात जुनी टाकी होती, त्यांच्या मनाची अवस्था कुठल्या तक्त्यात नोंदली गेली? दुकानातली वस्तू परत मागवता येते. डोळ्यात बसवलेली वस्तू परत मागवायची म्हणजे शस्त्रक्रिया.

इथेच आकड्यांच्या मांडणीची एक खोड सांगते. सुईतून होणारा जंतुसंसर्ग ‘दर सुईमागे’ सांगतात: दोन-तीन हजार सुयांत एक. इम्प्लांटचा मात्र ‘दर रुग्णामागे’ सांगतात: शंभरात दोन. साध्या माणसाने या दोन आकड्यांची तुलना कशी करायची? ढोबळ हिशोब मांडला तर दरमहा सुई घेणाऱ्याच्या दोन वर्षांत चोवीस सुया होतात, आणि अडीच हजारांत एक धरलं तर त्याचा एकूण धोका शंभरात एकाच्या आसपास जातो. मग २ टक्के हा आकडा वेगळाच दिसू लागतो. अजूनही जास्त, पण तोलता येण्याजोगा. सुया दरमहा नसतील तर तोल पुन्हा बदलतो. संमतीपत्रावर दोन्ही धोके एकाच मापात द्या: एका डोळ्यामागे, इतक्या वर्षांत. त्यात तुमचाच फायदा झाला तर माझी हरकत नाही.

‘वरून सुई लागली नाही’ या आकड्यालाही जरा खरवडून पाहा. ती सुई कधी द्यायची याचे निकष प्रत्येक चाचणी आपापले ठरवते. एकीत पडदा इतके मायक्रॉन जाड झाला की द्यायची, दुसरीत त्याच्या जोडीला इतकी अक्षरंही कमी व्हायला हवीत. निकष जितका कडक, तितके सुई न लागलेले जास्त, आणि मथळा तितका देखणा. शिवाय आर्चवेमध्ये घेतले होते ते आधीच्या सुयांना चांगला प्रतिसाद दिलेले रुग्ण. ज्यांचा पडदा दर चार आठवड्यांनी सुई देऊनही कोरडा राहत नाही, अशांना त्या ९८ टक्क्यांत जागाच नव्हती. आजच्या रांगेतल्या ॲक्सिटिनिब आणि व्होरोलॅनिब या छोट्या रेणूंच्या कांड्यांबद्दलही हेच विचारायला हवं. हे रेणू निवडण्यामागचं तर्कशास्त्र मला पटतं. प्रथिनाला ३७ अंशांवर महिनोन्‌महिने आपला आकार राखायचा असतो, त्यात पीएलजीए विरघळताना आत आम्ल तयार होतं. छोटा रेणू हे सोसतो. पण सुनिटिनिबच्या सूक्ष्मकणांच्या चाचणीत काही रुग्णांच्या डोळ्याच्या पुढच्या भागात कण आले, हे विसरू नका. जागेवर राहणं ही औषधाची निम्मी परीक्षा आहे. नियामकांनी सुईचा निकष सगळ्यांना एकच लावला तरच आम्हाला दोन कांड्यांत निवड करता येईल.

आता सर्वांत महत्त्वाचं: संपल्यावर काय? डोळ्याच्या आतल्या दाहासाठी, म्हणजे युव्हियायटिससाठी, मस्ट नावाची चाचणी झाली. एका गटाला फ्लुओसिनोलोनचं इम्प्लांट, दुसऱ्याला पोटातून स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. दोन वर्षांनी दोन्ही गटांची दृष्टी सुधारली, फारसा फरक नव्हता. तिथेच थांबलो असतो तर इम्प्लांटवाल्यांनी डंका पिटला असता, कारण पोटातल्या औषधांची कटकट नाही. पण तपासणाऱ्यांनी चिकाटीने सात वर्षं पाठपुरावा केला. २०१७ साली निकाल आला. पोटातून औषध घेणाऱ्यांची दृष्टी टिकली होती, इम्प्लांटवाल्यांची खाली आली होती, आणि दोन्हींतला फरक सुमारे ७ अक्षरांचा. बरेच जण पाठपुराव्यातून गळाले होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. तरीही अडीच वर्षांचं औषध सात वर्षांच्या मापाने मोजल्यावर चित्र फिरलं, एवढं उघड आहे. इम्प्लांट संपत येतं ते घंटा वाजवून नाही. औषधाची पातळी गुपचूप खाली सरकते, आणि रुग्ण तर तारखा नाहीत म्हणून निर्धास्त असतो.

म्हणून औषधाची जाहीर केलेली मुदत जितकी, निदान तितकाच काळ ती संपल्यानंतरही रुग्णांना तपासत राहा, आणि तो निकाल येईपर्यंत मान्यता सशर्त ठेवा. सहा महिन्यांच्या औषधाची चाचणी वर्षभरात आटोपली तर त्यातला औषध संपण्याचा काळ जेमतेम हाती लागतो, आणि बहुधा पुढचा डोस देऊन तोही झाकला जातो.

जनुकोपचार हे या वाटेचं टोक. एकदाच टोचा, मग डोळाच औषधाचा कारखाना होईल. ऐकताना मलाही मोह होतो. पण २०२१ साली इन्फिनिटी चाचणीत मधुमेही रुग्णाच्या डोळ्यातला दाब धोकादायक खाली गेला, आत दाह माजला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. कधी? उपचारानंतर ३० आठवड्यांनी. जास्त डोस मिळालेल्या आणखी काही जणांनाही तसाच त्रास झाला. त्या आजारासाठी तो प्रयोग तिथेच थांबवला. पण ज्यांना दिलं होतं त्यांच्या डोळ्यातला कारखाना कोणी थांबवायचा? जनुक चालू-बंद करायची कळ बसवता येईल का, यावर प्रयोगशाळांत काम होतं आहे. ती कळ हाती येईपर्यंत ‘एकदाच आणि कायमचं’ हे वाक्य माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर वरदान म्हणून छापू नका.

कंपन्यांना एक वेगळं विचारायचं आहे. भरून घ्यावी लागणारी टाकी म्हणजे रुग्णाने तुमच्याशी बांधलेली आयुष्यभराची गाठ. तुम्ही तो धंदा बंद केलात तर? कपोलकल्पित भीती नाही ही. आर्गस-२ हा अंधांसाठीचा पडद्यावरचा इलेक्ट्रॉनिक इम्प्लांट जगभरात ३५० हून अधिक लोकांच्या डोळ्यांत बसवला होता. कंपनीने तो २०१९ साली बंद केला. ज्यांच्या डोळ्यात तो होता, त्यांना पुढे दुरुस्तीलाही वाली उरला नाही. तुमच्या टाकीची सुई खास, औषधाची तीव्रता खास. दुसऱ्या कोणाचं चालत नाही. मग मान्यता देतानाच लिहून घ्या, की उत्पादन बंद झालं तरी शेवटच्या रुग्णापर्यंत भरण्याचं औषध आणि सुया मिळत राहतील किंवा काढण्याचा खर्च कंपनी उचलेल. आणि प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड द्या: काय बसवलं आहे, कुठल्या डोळ्यात, कधी, पुढचं भरणं कधी, डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसवेना किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी कुठे जायचं. ज्या डॉक्टरांनी ते बसवलं तेच आपत्कालीन विभागात भेटतील, असं थोडंच आहे?

डॉक्टरांनाही जाता जाता एक गोष्ट. सुया कमी झाल्या म्हणजे तपासण्या कमी झाल्या, असा सोयीचा अर्थ रुग्ण काढतोच, आणि गर्दीच्या दवाखान्यालाही तो सोयीचा पडतो. दुसरा डोळा मात्र कोणाच्याच इम्प्लांटवर नसतो. माझ्या उजव्या डोळ्यातली पहिली वाकडी रेघ जर आलीच, तर ती डाव्यासाठीच्या तारखेलाच सापडेल, अशी माझी अटकळ आहे.

तुमच्यापैकी कोणाची चाचणी सुरू होत असेल आणि माझ्यासारखा डोळा चालणार असेल, तर मी नाव नोंदवायला तयार आहे. वेळेवर येईन, तक्ता वाचीन, बाहुली मोठी करून दिवसभर बसेन. फक्त संमतीपत्रावर सही करण्याआधी मी वरचे सगळे प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तरं मला बोलून नकोत, छापून हवीत.

आपली,
डोळ्यात इंजेक्शनं घेणारी औषधनिर्माणशास्त्राची एक शिक्षिका